पातेलं का पडतं

"पातेलं नेमकं कशामुळे पडतं, मॅडम?" फोनवरच्या साहेबांनी सिद्धेश्वरीला दुसऱ्यांदा विचारलं.

साहेब वर्गीकरण कार्यालयातले होते. नव्या नियमाप्रमाणे आता प्रत्येक मोबाइल गेमवर वयोगटाचा शिक्का लागायचा. त्यात मारामारी किती, भीती किती, जुगार किती, हे बनवणाऱ्यानं नावपत्त्यासकट लिहून द्यायचं. सरकारला भीतीचंसुद्धा वय ठरवून हवं होतं. मोठ्या कंपन्या अशा कामाला वकील नेमतात. सिद्धेश्वरीच्या कंपनीत मालक, कारागीर आणि शिपाई ती एकटीच. कचेरी म्हणाल तर सोलापुरातल्या यंत्रमागांच्या गल्लीतलं दोन खोल्यांचं घर आणि त्यातला खिडकीजवळचा कोपरा.

गेम साधा होता. घरात एक लहान मुलगी एकटी आहे. बाहेर मागांचा खडखडाट चालू आहे तोवर तिनं हवं तिथं हिंडावं. वीज गेली की माग थांबतात, मागवाले घरी परततात. तसा एक माणूस या घरात शिरतो. मुलीनं ज्वारीच्या कोठीमागे दडायचं आणि श्वाससुद्धा जपून घ्यायचा. माणूस कोठीपर्यंत येतो. तेवढ्यात कधीकधी स्वयंपाकघरात पातेलं पडतं, तो तिकडे वळतो आणि मुलगी वाचते. नाही पडलं, तर खेळ खलास.

"म्हणजे खेळणारा वाचणार की नाही, ते नशिबावर?" साहेबांनी विचारलं.

"हो... नशिबावरच."

"मग जुगाराच्या अंगानं तपासावं लागेल. तुमच्या घरच्या पत्त्यावर नोटीस येईल. नीट आठवून सांगा, मी थोड्या वेळानं परत फोन करतो." साहेब तसे सौम्य होते. पण 'घरच्या पत्त्यावर' हे शब्द तिच्या डोक्यातून जाईनात.

घरी आलेलं प्रत्येक पाकीट शरणप्पा, म्हणजे तिचे अप्पा, फोडायचे. नाही वाचता आलं तर शेजाऱ्याकडून वाचून घ्यायचे. ते पलीकडच्याच कारखान्यात माग चालवत. गेममधला तो माणूस कोण, हे ओळखायला त्यांना कुणाची मदत लागणार नव्हती. सिद्धेश्वरी कमवायला लागल्यापासून ते तिच्यावर धावून जात नव्हते. अव्वावर, म्हणजे तिच्या आईवर, मात्र अजूनही हात उचलत होते. वीज गेली की सिद्धेश्वरीचं लक्ष आजही आधी दाराकडे जायचं. आता नोटीस आली तर गेम जाईलच, शिवाय घरात काय होईल याचा विचारही तिला करवेना.

काशम्मा चहा घेऊन आली. लेकीचा पडलेला चेहरा तिनं पाहिला.

"काय झालं गं सिद्धे? कुणाचा फोन हुता?"

"काही नाही अव्वा. गेमचं काम."

"बगू तरी, एवढं रातंदिस काय करत बसतीस ते." आणि काशम्मानं फोन हातातून घेतलासुद्धा.

सिद्धेश्वरीनं हे आजवर तिच्यापासून लपवलं होतं. आता हिसकावून घेणंही बरं दिसेना. ती जीव मुठीत धरून बसली. काशम्माचं बोट आधी चाचपडलं, मग सरावलं. फोनमधले माग खडखडले, मग थांबले. मुलगी कोठीमागे गेली. पावलं वाजली. काशम्मानं स्वतःचा श्वास रोखून धरला होता. पातेलं पडलं नाही. तो माणूस कोठीवर वाकला आणि सगळा पडदा काळा झाला.

"हे आपलंच घर हाय की गं," काशम्मा हळूच म्हणाली.

सिद्धेश्वरीनं मान खाली घातली.

"पर हे चुकीचं हाय. पातेलं पडलं न्हाय आन् त्येंनी तुला धरलं, असं कधी झालं व्हय?"

सिद्धेश्वरी आठवत राहिली. कोठीमागचा अंधार आठवला, ज्वारीचा वास आठवला, अप्पांची पावलं आठवली. त्यांच्या हाती मात्र ती एकदाही लागली नव्हती. इतकी वर्षं तिनं त्याला आपलं नशीब म्हटलं होतं. गेम बनवतानाही पातेलं तिनं नशिबाच्याच हवाली केलं होतं, आणि त्या घरात आईला घ्यायचं तिला सुचलंही नव्हतं.

"त्ये काय आपोआप पडत हुतं, का मांजर पाडत हुतं?" काशम्मा म्हणाली. "मी पाडत हुते. त्ये कोठीकडं वळले की पाडायची. मग त्ये माज्याकडं यायचे."

"पण काही दिवस तर पडायचंच नाही, अव्वा."

"त्या दिवशी त्ये आदीच माज्याकडं आलेले असायचे."

सिद्धेश्वरीला रडू फुटलं नाही. लाज मात्र वाटली. तिनं आईचा हात धरला. तेवढ्यात फोन वाजला, आणि तो ती उचलते न उचलते तोच बाहेरचा खडखडाट एकाएकी बंद पडला. गल्लीतली वीज गेली होती. दोघींनीही नेहमीसारखं दाराकडे पाहिलं. गल्लीत बोलणी ऐकू आली, चपला वाजल्या. त्यातली एक चाल दोघींच्या ओळखीची होती. ती घराकडे येऊ लागली. काशम्मानं हात सोडवून घेतला आणि ती स्वयंपाकघराकडे वळली.

"अव्वा, हितंच थांब," सिद्धेश्वरीनं तिचा दंड घट्ट पकडला.

"हं, मॅडम," साहेब विचारत होते, "काय लिहू? पातेलं कशामुळे पडतं?"

दार ढकललं गेलं. उंबऱ्यात शरणप्पा उभे होते.

"ते 'नशीब' खोडा, सर," सिद्धेश्वरी दारापर्यंत नीट ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली. "मुलीला मार बसू नये म्हणून तिची आई ते पाडते."