कॅलिपरचा बूट

‘टोचत नाई, जड होत नाई, मंग घालत काऊन नाई?’ ओमप्रकाशनं विचारलं. चहाचा कप जमिनीवर ठेवायचा, वीतभर पुढं सरकायचं, कप उचलून आणखी पुढं ठेवायचा, असं करत जयवंता चुलीपासून त्याच्या खाटेपर्यंत आली होती. तेवढ्यात चहा पार निवून गेला होता.

ओमप्रकाशचा जीव तळमळला. वर्ध्याच्या एका दवाखान्यात तो कॅलिपर बनवायचा. पोलिओनं लुळ्या पडलेल्या पायाला दोन्ही बाजूंनी सळ्या, मांडीला चामडी पट्टे, गुडघ्याला खिट्टी आणि खाली सळ्यांनाच जोडलेला बूट. चढवला की माणूस ताठ उभा. ओमप्रकाशचा स्वतःचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं लुळा पडलेला, म्हणून त्याला या कामाचा भारी गर्व, आणि का नसावा? बाकीचे कारागीर टेपनं पाय मोजत; हा आपल्या पायावर घालून पाहिल्याशिवाय कुणाला काही देत नसे. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, असं तो डॉक्टरसाहेबांनाही ऐकवायचा.

पण नाचणगावची ही सून काही त्याला उलगडेना. बसथांब्यावर, शेतात ती कॅलिपर घालून टेचात चालायची. घरात आली की पुन्हा जमिनीवर. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पुरता वापरत नसेल तर घेऊन ये, रांगेत दुसरे आहेत. ओमप्रकाशच्या जिवावर आलं होतं, तरी आज तो न्यायलाच आला होता. तसं त्यानं सांगून टाकलं. जयवंताचे डोळे भरून आले.

‘नेऊ नका, भाऊ. घरात घालाची लय इच्छा हाये. जेवणाऱ्याले उभ्यानं वाढावं वाटते. पण खाली बूट हाये न तो. बूट घालून चुलीपाशी कशी जाऊ?’

ओमप्रकाशला हसू आलं. यात काय एवढं? तो तर बूट घालूनच आत आला होता. त्यानं तसं बोलूनही दाखवलं. जयवंताची सासू प्रमिलाबाई दाराशी तूर निवडत बसली होती. बाई काही वाईट नव्हती. तिनं मान वर न करता सरळ सांगितलं.

‘तुमी पाव्हणे, त्यात गडी मानूस. तुमाले कोण म्हनन? ही तं घरची सून हाये.’

ओमप्रकाशनं खाली पाहिलं. जमीन सकाळीच शेणानं सारवलेली, आणि उंबऱ्यापासून खाटेपर्यंत त्याच्या बुटांचे ठसे. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणाच्याही दारात तो घुटमळला की लोक म्हणायचे, राहू द्या भाऊ, तसेच या. आणि हा पठ्ठ्या खुशाल आत जायचा. बूट काढायचा म्हणजे सगळा कॅलिपरच उतरवायला लागे. पण आपल्याला चालतं ते हिला चालणार नाही, हे इतक्या वर्षांत त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

दवाखान्यात येऊन त्यानं एका नव्या कॅलिपरचा बूटच कापून टाकला. त्याच्या जागी तळव्याएवढी लाकडी पट्टी बसवली, वरून कापडी पट्टा. बाहेर जाताना पट्टीखाली सँडल चढवायची, दारात काढून ठेवायची. साहेबांनी परदेशातून आलेला कॅलिपरचा नकाशा पुढं केला. नकाशात बूट होता. ओमप्रकाश म्हणाला, ज्यानं नकाशा काढला त्याच्याकडं बूट घालून स्वयंपाक करत असतील साहेब, आपल्यात नाही करत. साहेब हसले आणि हो म्हणाले.

एशियाडच्या त्या वर्षी, दिवाळी झाल्यावर, तो पुन्हा नाचणगावला गेला. जयवंतासाठी एक नवा कॅलिपर पिशवीत, एक तसाच स्वतःच्या पायात. या खेपेला त्यानं सँडल दारात काढली. दुपारी पंगत बसली. जयवंता भाजीचं पातेलं हातात घेऊन चुलीपासून उभ्यानं आली. आधी सासऱ्यांना वाढलं, मग नवऱ्याला, मग ओमप्रकाशला. थोडा रस्सा ताटाबाहेर सांडला. प्रमिलाबाईनं, हळू बाई, घाई कायची, म्हणता म्हणता पदर डोळ्यांना लावला. ओमप्रकाशला इतका आनंद झाला की पोट भरलेलं असूनही त्यानं आणखी एक भाकर मागून घेतली.

संध्याकाळी तो सिंदी मेघेला आपल्या घरी पोचला. इथंही सँडल दारात काढली आणि अनवाणी चुलीपर्यंत गेला. आई, रुख्माबाई, त्याचं ताट वाढून बसली होती. एरवी ती, तू बस, मी आलो, म्हणून बाहेरच्या खोलीत जायची आणि त्याचं अर्धं जेवण झाल्यावर यायची. आयांचं असंच असतं, मागून जेवतात, असं त्यानं धरून ठेवलं होतं. आज तिनं आपलंही ताट वाढून घेतलं आणि त्याच्यासमोर मांडी घातली.

‘आज माह्यासंगंच बसली, माय?’ त्यानं विचारलं.

‘रोज तू जेवाले बसला का मी दारापासून पुसत येतो,’ रुख्माबाई भाकर मोडत म्हणाली. ‘आज पुसाले काईच नाई.’