प्रार्थनेत ठेवतो

पोशीर गावच्या ख्रिस्ती मंडळीतलं कुणीही अडचण सांगायला फोन करो, पास्टर शमुवेल एकच वाक्य बोलत, "प्रार्थनेत ठेवतो हां." फोन ठेवला की विसरूनही जात. गेल्या साली वाडीवरच्या दशरथची सून अडली, तेव्हाही तेच बोलले. त्यांची गाडी दारातच उभी होती. सून वाटेतच चिंचेखाली बाळंत झाली, आणि पुढच्या रविवारी दशरथ प्रार्थनेचे आभार मानायला आला, तेव्हा पास्टरांनी ते मुकाट घेतले.

आज भर दुपारी त्यांच्या बायकोच्या छातीत कळ आली. मार्थाबाई घामाने चिंब झाल्या, ओठ काळे पडले. गाडी नेरळच्या गॅरेजात पडलेली, रुग्णवाहिका यायला तास लागणार. पास्टरांना दशरथने यंदाच घेतलेला टेंपो आठवला. त्यांनी फोन लावला.

"दशरथ, मार्थाचं काय खरं नाय रं. कायतरी कर, लवकर कर."

"घाबरू नका पास्टर, आत्ताच्या आत्ता प्रार्थनेत ठेवतो," दशरथ कळवळून म्हणाला. पास्टरांनी त्या आवाजात टोमणा शोधला. तो नव्हता. पलीकडे दशरथने फोन तसाच चालू जमिनीवर ठेवला आणि घरातल्या सगळ्यांना गुडघे टेकायला सांगितलं.

"प्रार्थना नको रं, टेंपो काढ, टेंपो," पास्टर ओरडत राहिले.

 

पलीकडून अख्ख्या घराचा एका सुरात आवाज आला, "आमेन."