निर्माल्याची पिशवी

“बाई, नदीत टाकायचं नाही ना?” पुलावर चार वर्षांच्या मुक्ताने कुंदाचा पदर धरला. अंगणवाडीत नदीचं गाणं कुंदानेच शिकवलेलं, आणि आज तिच्याच हातात निर्माल्याची पिशवी होती.

मागून सासूबाई म्हणाल्या, “देवाचं उतरलेलं घरी परत नेत नाहीत. टाक.”

“झाडाच्या बुडाशी घालूया का?”

“आणि येणाऱ्याजाणाऱ्यानं तुडवायचं? तुझी शाळा तुझ्यापाशी ठेव.”

इकडे आड, तिकडे विहीर. कुंदाने मुक्ताची नजर चुकवली आणि पिशवी सोडून दिली.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत तिने नेहमीसारखं विचारलं, “नदीत कचरा कुणी टाकायचा?”

“कुणीच नाही,” पोरं एका सुरात म्हणाली.

मुक्ता तेवढी बाईंकडे बघत राहिली. मग बाईंना सांभाळून घेत म्हणाली, “सासू मागे उभी असली तर टाकायचा.”