पहारेकऱ्याची पाठ

गेममधला शर्वरीचा गुप्तहेर भिंतीआड दबा धरून बसला होता. गेटवरच्या पहारेकऱ्याने तंबाखूची डबी काढली, भिंतीकडे तोंड वळवलं आणि पडद्यावर अक्षरं उमटली : ‘हीच संधी! मागून मान मोडा.’

ती दचकली. “बाबा, हे तुम्हीच आहात!”

तिच्या वडिलांनी, भिवाजींनी, सोसायटीच्या गेटवर पहारेकरी म्हणून चौदा वर्षं काढली होती. कॅमेऱ्यांनी त्यांची प्रत्येक लकब टिपली. मग सिक्युरिटी कंपनीने त्यांना काढलं आणि त्या लकबी गेमवाल्यांना विकल्या.

भिवाजी संतापून उठले. “ड्युटी चुकवायला पाठ फिरवत नव्हतो मी! समोर बाकावर दामले मास्तर बसायचे. त्यांच्या तोंडासमोर तंबाखू मळू?”

शर्वरीने गेममधला बाक शोधला. तो रिकामा होता.

“हरामखोरांनी मास्तर तेवढे गाळले,” भिवाजी म्हणाले.