मवाबाचा अध्याय

तिला उठता-बसता टोमणे मारणाऱ्या थोरल्या जावेचं शिवणाचं दुकान अखेर बंद पडलं. "देवाच्या घरी न्याय आहे," नवरा म्हणाला, आणि तिलाही हसू फुटलं.

मग पप्पा आठवले. लहानपणी रोज संध्याकाळी ते बायबल वाचून दाखवायचे. मवाब राष्ट्रावरच्या देवाच्या कोपाचं भाकीत आलं की ती टाळ्या पिटायची आणि पप्पांचा आवाज मात्र भरून यायचा.

"पप्पा, मवाबी तर वैरी ना?"

"वैरीच गं. पण हे सांगताना संदेष्टा स्वतः रडलाय. मग आपण हसायचं का?"

पप्पांचा तो भरलेला आवाज काही केल्या कानांतून जाईना. तिने जावेला फोन लावला.

"हसायला फोन केलास ना?"

"हसून झालं, ताई. आता मुलांना घेऊन जेवायला या."