कच्चं शूटिंग

अल्ताफनं हार्ड डिस्क नाकाशी नेऊन हुंगली.

“जळाली हे,” तो म्हणाला. “पडली-बिडली नाई. जास्तीच्या व्होल्टचा अडॅप्टर लागला हिले.”

त्याच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात समोरच्या स्टुलावर रुखमाबाई बसल्या होत्या. मूल तालुक्यातल्या गावाहून सकाळच्या एसटीनं आलेल्या. त्यांना व्होल्ट-बिल्ट काही कळत नव्हतं.

“माया पोरगा हाये ना भाऊ त्याच्यात?” त्यांनी विचारलं.

पोरगा म्हणजे राजदीप. चार महिन्यांपासून तो चंद्रपूरच्या तुरुंगात होता. मे महिन्यात एका भरदुपारी, साडेबारा ते एकच्या दरम्यान, गावाबाहेरच्या लाकूड डेपोचा चौकीदार लटारू याला कोणीतरी डोक्यात घाव घालून मारलं. आदल्याच दिवशी राजदीपचं त्याच्याशी चारचौघांत भांडण झालं होतं. पोलिसांना तेवढं पुरलं.

खरं तर त्या दुपारी राजदीप मामेबहिणीच्या लग्नात पंगत वाढत होता. दोनशे माणसांनी त्याच्या हातचं वरण खाल्लं. पण ती पडली सगळी सोयरी, आणि सोयऱ्यांची साक्ष कोण धरतो? उरलं फक्त लग्नाचं शूटिंग.

शूटिंग होतं बिरजूचं. गावात त्याचा फोटो स्टुडिओ होता. टेपवरचं शूटिंग डिस्कमध्ये उतरवून घ्यायचं आणि तीच टेप पुढच्या लग्नाला वापरायची, ही त्याची पद्धत. सीडी बनवायच्या आधीच डिस्क गेली. पोलिसांना त्यानं सांगितलं, मी दिवसभर मांडवातच होतो, पण डोळा कॅमेऱ्याला लावला की बाजूचं काही दिसत नाही. राजदीप होता की नव्हता हे शपथेवर सांगता येणार नाही. माणूस सरळ आहे, असं सगळे म्हणाले.

डिस्क फेकून दिली, असंही तो रुखमाबाईंना म्हणाला होता. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोनं, कमलानं, ती पदराखाली आणून दिली. “पाहा मावशी, काई निघते का,” एवढंच बोलून ती निघून गेली. बुडत्याला काडीचा आधार. रुखमाबाईंनी ती काडी घट्ट धरली.

“आतल्या चकत्या शाबूत असतीन,” अल्ताफ म्हणाला. “वरची सर्किटची हिरवी पट्टी जळाली. अशीच्या अशी दुसरी भेटली तर बसवून पाहू. गॅरंटी नाई देत मी.”

“सोमवारी कोर्टाची तारीख हाये, भाऊ.”

अल्ताफनं मान हलवली. त्याला एक गोष्ट खटकत होती. पंधरा वर्षं वायरींमध्ये काढलेल्या बिरजूनं चुकीचा अडॅप्टर लावावा? पण पट्टीचा पोहणाराही बुडतोच. त्यानं तो विचार सोडला आणि नागपूरला फोन लावायला घेतले.

चौथ्या फोनला पट्टी सापडली. भंगारातल्या डिस्कची, पण नंबर तोच.

दरम्यान बिरजू दुकानात येऊन गेला. रुखमाबाईंनीच त्याला मोठ्या आनंदानं सगळं सांगितलं होतं.

“राहू दे, अल्ताफ. मेलेली डिस्क हाये ते. म्हातारीले उगाच आस लावून राह्यला तू. नाईतर मले दे, मी मुंबईले पाठवतो.”

अल्ताफची खोड अशी की नको म्हटलं की तो तेच करणार. “सोमवारनंतर ने,” तो म्हणाला.

पट्टी शनिवारी रात्रीच्या एसटीनं पार्सल होऊन आली. रविवारी सकाळी बिरजू स्वतःच रुखमाबाईंना मोटारसायकलवर बसवून घेऊन आला. एसटीत गर्दी असते, मावशीला कशाला त्रास, म्हणाला. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं.

अल्ताफनं सहा स्क्रू पिळले, बिस्मिल्ला म्हटलं आणि बटण दाबलं. डिस्क गुणगुणली. थांबली. पुन्हा गुणगुणली, आणि पडद्यावर फोल्डर उघडलं.

तिघंही पडद्याकडं वाकले.

मांडव दिसला. कोपऱ्यात तारीख होती आणि वेळ, बारा चाळीस. पंगतीतून वाकत वाकत, हातात बादली घेऊन, आकाशी शर्टातला राजदीप पुढं येत होता.

“हाये!” रुखमाबाई ओरडल्या. “माया राजू हाये!” त्यांनी पडद्यावर हात ठेवला आणि त्या ढसाढसा रडल्या. चार महिन्यांचं साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं. मग वळून त्यांनी बिरजूच्या तोंडावरून हात फिरवले आणि आपल्या कानशिलावर बोटं मोडली. “तुया शूटिंगनं वाचवलं रे बाबा माया लेकराले.”

अल्ताफलाही भरून आलं. बिरजूच्या कपाळावर घाम होता.

“झालं तर मंग,” बिरजू म्हणाला. “एवढाच तुकडा काप, अल्ताफ. आवाज ठेवू नको, कच्च्या शूटिंगमंदी लय कलकल असते. मी वरून गाणं टाकून देतो, लग्नाच्या सीडीत असते तसं.”

“गाणं नको,” रुखमाबाई म्हणाल्या. “तुरुंगात भेटाले जातो तं तो नुसता रडते. मले त्याचा हसरा आवाज आयकू दे.”

“मावशी, उशीर होऊन राह्यला.”

“होऊ दे.”

स्पीकरची पिन टेबलाखाली लोंबत होती. अल्ताफनं ती उचलून लावली.

बँड, पोरांचा गोंगाट, ताटांचा आवाज. आणि त्यातून राजदीप म्हणाला, “घे ना आजी, थोडं वरण. लाजून काऊन राह्यली?”

रुखमाबाई पदर तोंडाशी धरून हसल्या.

पंगतीतल्या म्हातारीनं पत्रावळीवरून मान वर केली आणि थेट कॅमेऱ्यात पाहिलं. “काऊन वं कमला, आज तूच धरला कॅमेरा? तुया नवरा कुठी गेला?”

कॅमेऱ्याच्या मागून, अगदी जवळून, कमलाचा आवाज आला.

“लटारूले भेटाले गेला ना, डेपोवर. येतोच म्हणला.”