गप्प गुडघा

"मिस्त्री, रेडिओवर पाऊस सांगितलाय हो," शिवणवाल्या बाई दारातून म्हणाल्या. गळ्यात मापाची टेप आणि तिच्यावर घामाने भिजलेला रुमाल. "दुपारनंतर येणार म्हणे. आणि तुम्ही माझं छप्पर उघडं टाकून बसलाय."

अंगणातल्या खुर्चीवर बसलेल्या मिस्त्रींनी आभाळाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी उजव्या गुडघ्यावर हात ठेवला, झोपलेल्या मांजराच्या पाठीवर ठेवावा तसा.

"आज नाही," ते म्हणाले. "रेडिओचं काय, त्याला हवेतच बोलायचं असतं. गुडघा गप्प म्हणजे आभाळ गप्प."

बाई हसल्या आणि आत जाऊन मशीनवर बसल्या. सारी गल्ली वर्षानुवर्षं या गुडघ्याला विचारून कपडे वाळत घालायची. तो ठणकला की पाऊस, आणि तो एकदाही चुकला नव्हता.

वर वाशांवर पाय रोवून मिस्त्रींची थोरली लेक उभी होती. थंडीचे दिवस जवळ आले तरी उकाडा हटायचं नाव घेत नव्हता, कौलं तव्यासारखी तापली होती. उघड्या रीपांमधून तिला बाईंची खोली दिसत होती. दांडीवर ओळीने टांगलेले बत्तीस लोकरी कोट, शाळेच्या गायनपथकाचे. या उकाड्यात त्यांच्याकडे बघूनच घाम फुटत होता. उद्या सकाळी शाळेची माणसं ते न्यायला येणार होती.

'गप्प' हा शब्द थोरलीच्या डोक्यात उगाच घुटमळत राहिला. आणि मग एकदम तिला आठवलं.

दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी बाबांचा तो गुडघा काढून धातूचा बसवला होता. "आता हा जन्मात दुखणार नाही," ते म्हणाले, तेव्हा घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. गल्ली भेटून गेली, बाईसुद्धा फळं घेऊन आल्या होत्या. त्यानंतर एक थेंब पडला नाही, त्यामुळे डोक्यात प्रकाश पडायची वेळ कुणावरच आली नाही.

"बाबा," ती वरून म्हणाली.

"काय गं?"

तिने खाली बघितलं. शिडी त्यांना बंद झाली होती. हातोडी तिच्या हातात, अवजारांचा पट्टा तिच्या कमरेला. खाली बसलेल्या माणसाकडे एक खुर्ची उरली होती, आणि गुडघ्याचं ते वाक्य.

"काही नाही. तहान लागलीय."

"मग उतर की. मी काय इथून फवारा मारू?"

ती उतरली, पाणी प्यायली, परत चढली. ताडपत्री त्यांच्या गाडीत पोत्यांच्या खाली होती. जाता-येता दोनदा ती गाडीजवळून गेली.

तीनच्या सुमाराला उकाडा थांबला. कमी नाही झाला, थांबलाच, भट्टीचं दार कुणी लावून घ्यावं तसा. वारा फिरला. पहिला थेंब थोरलीच्या मानेवर पडला, तेव्हा ती शिडीच्या अर्ध्यावर होती.

पोती फेकून ताडपत्री ओढेपर्यंत सर कोसळली होती. मिस्त्री खुर्ची ढकलून उठले, लंगडत आले आणि एक टोक धरून उभे राहिले. "दगड ठेव. कोपऱ्यावर. अगं, कोपऱ्यावर ठेव!" आत बाई कवेत मावतील तेवढे कोट पलीकडच्या खोलीत नेत होत्या. शेवटचे अकरा राहिले ते राहिलेच.

अर्ध्या तासात पाऊस गेला. दारातून ओल्या लोकरीचा वास यायला लागला. बाई उंबऱ्यात आल्या. त्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

"मी रेडिओ बंद केला होता हो, मिस्त्री," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात म्हणून."

मिस्त्री ओल्या खुर्चीत बसले. बराच वेळ ते गुडघ्याकडे बघत राहिले. मग बोटाच्या पेरांनी त्यांनी त्याच्यावर टकटक केलं, आत कुणी आहे का विचारावं तसं. थोडं थांबले. हात काढून घेतला.

थोरली वर चढली. गार वारा सुटला होता, दातांवर दात आपटत होते. आभाळ मात्र पाटीसारखं लख्ख पुसलेलं, कुठे ढगाचा ठिपका नाही. उजेड आहे तोवर दोन ओळी कौलं लागली असती. तिने ताडपत्रीवरचा पहिला दगड उचलला.

"राहू दे ती," खालून आवाज आला. "गुडघा ठणकतोय."

बाईंनी आभाळाकडे पाहिलं. मग मिस्त्रींकडे.

"कुठला?" त्यांनी हळूच विचारलं.

"उजवा."

पन्हळीतून पाण्याचे शेवटचे थेंब पडत होते.

"बरं, बाबा," थोरली म्हणाली. तिने दगड जागच्या जागी ठेवला, आणि त्याच्यावर आणखी एक.